झोप झाली का?

आमच्याकडे सकाळचा पहिला चहा दादा करतो. मी डोळे चोळत स्वयंपाकघरात जाते तेव्हा तो ओट्याशी उभा असतो, एका हातात किसणी, दुसऱ्यात आल्याचा तुकडा. मी विचारते, “झोप झाली का?”

हा प्रश्न मराठी घरांत रोज विचारला जातो. पाहुण्यांना विचारतात, बाळंतिणीला विचारतात, रातराणीने कोल्हापूरहून आलेल्या भाच्याला विचारतात. उत्तर कुणी ऐकत नाही. आमच्या घरात मात्र कान देऊन ऐकलं जातं. किती वाजता आडवा झालास, मध्ये उठलास का, पहाटे जाग आली असेल तर परत डोळा लागला की उठून कपाट आवरायला घेतलंस, एवढं सगळं मी त्या तीन शब्दांत विचारत असते आणि दादाला ते माहीत असतं. “साडेसहा तास,” तो म्हणतो आणि आलं चहात टाकतो.

दादाला बायपोलर डिसऑर्डर आहे. अठ्ठावीस वर्षं झाली. याबद्दल लिहू का, असं त्याला विचारलं तर म्हणाला, “लिही. नाव घालू नकोस, आणि ऱ्हस्व-दीर्घ बघून घे, तुझं ते कच्चं आहे.”

आम्ही जन्माचे ठाणेकर, नौपाड्यातले. ठाण्याच्या माणसाने लहानपणी एक विनोद पुरेपूर ऐकलेला असतो. मे महिन्यात गिरगावात मामाकडे गेलो की मामेभाऊ ठरलेलं वाक्य टाकायचा, “आले का वेड्यांच्या गावचे?” मुंबईत कुणी जरा विचित्र वागलं की “याला ठाण्याला पाठवा” म्हणत, पुण्यात त्याच अर्थाने येरवड्याला पाठवत. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. पुणे, नागपूर आणि रत्नागिरीसोबत राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक. आता त्याच्याच जागेवर ठाणे आणि मुलुंडच्या मधलं नवीन स्टेशन येऊ घातलंय, त्यामुळे हल्ली लोक त्या आवाराबद्दल बोलतात ते फ्लॅटचे भाव वाढणार म्हणून. आम्ही भावंडं मात्र त्या विनोदावर मामेभावाच्या बरोबरीने हसायचो. वेडे म्हणजे त्या भिंतीच्या आतले, असं आमचं साधं गणित होतं.

हे गणित चुकायला लागलं १९९६ च्या पावसाळ्यात. दादा तेव्हा वागळे इस्टेटमध्ये ड्राफ्ट्समन होता. ट्रेसिंग पेपरवर रोटरिंगच्या पेनाने इतकी स्वच्छ रेघ मारायचा की साहेब लोक नवीन मुलांना त्याचा कागद दाखवायचे. जुलैत तो कामावर जायचा बंद झाला. आजारी नव्हता, म्हणजे ताप नव्हता. भिंतीकडे तोंड करून पडायचा. आंघोळीला उठवायचं म्हणजे दोन तास. वरणभात समोर ठेवला की तो ताटाकडे असा बघायचा, जणू एवढा भात खायचा म्हणजे घाट चढायचाय. आईने दृष्ट काढली, बाबांनी आवाज चढवून पाहिला, मी कॉलेजातल्या गमती सांगितल्या. शेवटी एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डिप्रेशन म्हटलं आणि गोळी दिली. गोळी लागू पडली. तीनेक आठवड्यांत दादा उठला, दाढी केली, कामावर गेला. आईने देवापुढे पेढे ठेवले.

नैराश्यात पहिली गोळी लागू पडणं हेसुद्धा नशीबच. २००६ साली अमेरिकेतल्या स्टार-डी या मोठ्या अभ्यासात चार हजारांवर माणसं होती. पहिल्या औषधाने पूर्ण बरी झाली ती साधारण एक तृतीयांश. बाकीच्यांना दुसरं, तिसरं, चौथं करत जावं लागलं. तर आम्ही भाग्यवान, असं आम्हाला वाटलं. पुढे सहा-आठ महिने बरे गेले, गोळी बंद झाली. मग उन्हाळ्यात पुन्हा भिंत, पुन्हा तीच गोळी. या खेपेला उजेड जरा जास्तच झाला.

गणपती आले. दरवर्षी आमचं मखर म्हणजे पुठ्ठा आणि सोनेरी कागद. त्या वर्षी दादाने थर्माकोलची ठाण्याची खाडी केली. पूल, पुलावर गाडी, खाली होड्या, काठावर तिवरं. सलग तीन रात्री जागून. शेजारचे बघायला येत होते आणि म्हणत होते, “काय उत्साह आहे हो तुमच्या मुलाचा!” तो खरंच सुंदर दिसत होता. डोळ्यांत तेज, तोंडात एकामागून एक कल्पना, हजरजबाबी इतका की बाबा, जे कधी मोठ्याने हसत नसत, ते सोफ्यावर हात आपटून हसले. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत आनंदाचा गणपती होता. हे मला आजही नाकारता येत नाही.

पाचव्या दिवशी टेम्पोतून सोळा पंखे आले. बिल्डिंगमधल्या प्रत्येक घराला एक, उधारीवर. “एवढा उकाडा आहे मने, लोकांना वारा नको?” तो म्हणाला. बाबांनी पंखे परत करायला सांगितले तेव्हा त्याने थर्माकोलचा पूल एका फटक्यात मोडला आणि रात्री दोन वाजता अनवाणी निघून गेला. सापडला कळव्याच्या पुलावर. पुढच्या महिनाभराबद्दल मी फारसं लिहिणार नाही.

आम्हाला जे तेव्हा माहीत नव्हतं ते असं. बायपोलर म्हणजे वर उन्माद, खाली नैराश्य; अशी दोन्ही टोकं असलेल्या आजारात नुसती नैराश्याची गोळी दिली तर माणूस दुसऱ्या टोकाला फेकला जाऊ शकतो. आजाराची सुरुवात बहुतेक वेळा नैराश्यानेच होते, आणि त्या वेळी तो एकाच टोकाचा आजार वाटतो. हे दोन आजार वेगळे आहेत, असं ठामपणे मांडलं गेलं तेच १९६६ मध्ये, स्वित्झर्लंडच्या यूल्स आंग्स्ट आणि स्वीडनच्या कार्लो पेरिस यांच्या वेगवेगळ्या अभ्यासांतून. त्याआधी सगळ्याला एकच नाव होतं. आमच्या त्या पहिल्या डॉक्टरांना मी बरीच वर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या. आता घालत नाही. त्यांच्यासमोर भिंतीकडे तोंड केलेला एक पोरगा होता. पंखे त्यांनी पाहिलेच नव्हते.

नंतरच्या डॉक्टरबाईंनी लिथियम सुरू केलं, आणि आमच्या घरात एक धातू राहायला आला.

लिथियम हे औषध म्हणजे बाकीच्या औषधांच्या मानाने अगदीच अडाणी वाटतं. प्रयोगशाळेत घडवलेला रेणू वगैरे काही नाही. १८१७ साली स्वीडनमधल्या एका बेटावरच्या दगडात सापडलेलं मूलद्रव्य. नावाचा अर्थही दगड. फोनच्या बॅटरीत तेच, दादाच्या डबीत तेच. एके काळी सेव्हन-अपमध्येसुद्धा असायचं, १९४८ पर्यंत. मूलद्रव्याचं पेटंट कोण घेणार? त्यामुळे त्याची जाहिरात करायला कुणी उत्सुक नसतं. दादाच्या दिवसाच्या गोळ्यांना वडापावापेक्षा कमी पैसे पडतात.

पण हा पाहुणा सोवळ्याचा आहे. रक्तात लिटरमागे ०.६ ते ०.८ मिलिमोल असला तर उपयोग; कुणाला थोडा जास्त लागतो. ०.४ पर्यंत उतरला तर असून नसल्यासारखा, आणि १.५ च्या पुढे विष. एवढ्या चिंचोळ्या जागेत माणसाला वर्षानुवर्षं उभं करायचं. म्हणून दर तीन महिन्यांनी रक्त. रात्री साडेनऊला गोळी घेतली की सकाळी साडेनऊलाच सुई. बारा तास मोजून. मग सहा महिन्यांनी थायरॉइड आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन. मी अकाउंट्समध्ये काम करते, आकडे जुळवणं हा माझा धंदा, तरी कुठल्याही बॅलन्सशीटसाठी मी इतकी ताटकळत बसत नाही जितकी व्हॉट्सॲपवर येणाऱ्या त्या एका दशांश अपूर्णांकासाठी बसते.

एकदा रिपोर्ट आला: २.९. दादा माझ्यासमोर बसून शब्दकोडं सोडवत होता. २.९ वाला माणूस शब्दकोडं सोडवत नाही, तो आयसीयूत असतो. माझे हातपाय गार पडले. रिक्षा, डॉक्टरबाई, पुन्हा रक्त. दुसरीकडे केलेल्या तपासणीत ०.७. मग उलगडा झाला. रक्त गोठू नये म्हणून काही नळ्यांत हेपॅरिन घातलेलं असतं, आणि हिरव्या झाकणाच्या नळीतलं हेपॅरिन हे बहुतेक वेळा लिथियमचंच मीठ असतं. म्हणजे ज्याची मोजदाद करायची तेच नळीत आधीपासून. घरी रक्त न्यायला आलेल्या नवीन मुलाने घाईत हिरवी नळी वापरली होती. तेव्हापासून कुणीही सुई घेऊन आलं की मी आधी झाकणाचा रंग बघते. “मॅडम, तुम्ही लॅबमध्ये होता का?” असं एकाने विचारलंही.

आणि मिठाची गोष्ट. ही सांगितल्याशिवाय लिथियम कळत नाही.

तीन वर्षांपूर्वी, ऑक्टोबरच्या काहिलीत, आईला रक्तदाब निघाला. मीठ कमी करा, असं सांगितलं. आई एकदा मनावर घेते म्हणजे घेते. पापड बंद, लोणच्याची बरणी माळ्यावर, आमटी अळणी. आईला एकटीला अळणी कशाला, म्हणून दादाही तेच जेवायला लागला. तो तसा आईचा आज्ञाधारक. दहाएक दिवसांनी त्याचा कप बशीत खडखड वाजायला लागला. थोडा कंप त्याला नेहमीच असतो, पण हा वेगळा. मग जुलाब. एके सकाळी तीन हात नाक्याला रिक्षातून उतरताना त्याचा तोल गेला आणि रिक्षावाला म्हणाला, “काय काका, सकाळी सकाळीच?” दादाने उत्तर दिलं ते जड जिभेने, त्यामुळे रिक्षावाल्याची खात्रीच पटली.

रिपोर्ट १.४. डॉक्टरबाईंनी विचारलं, “दुखण्याची गोळी घेतली का काही? आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक?” नाही. “उपास? निर्जळी?” नाही. “घरात नवीन काही?” आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. आई हळूच म्हणाली, “मीठ कमी केलंय, माझ्यासाठी.” डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला.

लिथियम आणि सोडियम मेंडेलेव्हच्या तक्त्यात एकाच उभ्या रांगेत बसतात, सख्खी भावंडं. मूत्रपिंडाला दोघांतला फरक नीट ओळखू येत नाही. अंगातलं मीठ कमी झालं, घाम फार गेला, पाणी कमी पडलं, की मूत्रपिंड सोडियम सोडायला तयार होत नाही, आणि त्याच ओंजळीत लिथियमही धरून ठेवतं. डोस तोच, गोळी तीच, पण रक्तातला आकडा चढत जातो. दुखण्याच्या गोळ्याही असाच आकडा चढवतात, आणि रक्तदाबाची काही औषधंसुद्धा. तेव्हा आईच्या गोळ्यांची डबी आणि दादाची डबी आमच्याकडे वेगवेगळ्या खोल्यांत असतात. आमट्याही दोन होतात. आषाढीला दादा साबुदाणा खातो, वर ताक पितो, आणि निर्जळीचं पुण्य आमच्या वाट्याला येत नाही.

१९४९ साली अमेरिकेत नेमकं उलटं घडलं होतं, हे मला पुढे वाचताना कळलं. हृदयविकाराच्या आणि रक्तदाबाच्या रुग्णांना मिठाऐवजी वापरायला म्हणून लिथियम क्लोराइड बाजारात विकलं जात होतं. आधीच मीठ तोडलेली माणसं, त्यांच्या ताटात हवं तितकं लिथियम. काही जण दगावले आणि सरकारने ते बाजारातून काढलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय नियतकालिकात जॉन केड नावाच्या डॉक्टरचा निबंध आला: उन्मादाच्या दहा रुग्णांना लिथियम दिलं, सगळे शांत झाले. याहून वाईट मुहूर्त शोधून सापडला नसता.

हा केड मोठा विलक्षण माणूस. दुसऱ्या महायुद्धात साडेतीन वर्षं सिंगापूरच्या चांगीत जपान्यांचा कैदी. परत आल्यावर मेलबर्नजवळच्या एका मनोरुग्णालयात, वापरात नसलेल्या खोलीत त्याने आपली प्रयोगशाळा थाटली. रुग्णांची लघवी बाटल्यांत भरून घरच्या फ्रिजमध्ये ठेवायचा. (त्याच्या बायकोबद्दल मला कायम वाटतं की तिचा निबंध कुणी छापला नाही.) उन्माद हा शरीरातल्या कुठल्या तरी विषामुळे होत असावा, अशी त्याची समजूत; ती चुकीची होती. ती तपासायला त्याने गिनिपिग घेतले, त्यांना टोचायला युरिक आम्ल विरघळावं म्हणून लिथियमचं मीठ वापरलं, आणि एरवी हाताला न लागणारे गिनिपिग पाठीवर निवांत पडून राहिले. चुकीच्या वाटेने जाऊन माणूस बरोबर दारात पोचला.

त्याचा पहिला रुग्ण एक्कावन्न वर्षांचा होता, पाच वर्षं सतत उन्मादात. काही महिन्यांत घरी गेला, जुन्या कामावर रुजू झाला. इथवर सगळे सांगतात. पुढचं फारसं कुणी सांगत नाही. बरं वाटलं म्हणून त्याने औषध सोडलं, पुन्हा वॉर्डात आला, आणि १९५० मध्ये लिथियमच्याच विषबाधेने गेला. रक्तातलं लिथियम मोजायची सोय तेव्हा त्यांच्याकडे नव्हती. हादरलेल्या केडने आपल्या रुग्णालयात ते वापरणंच थांबवलं.

मोजलं डेन्मार्कने. मोगेन्स शू. माझ्या देव्हाऱ्यात जागा असती तर या माणसाचा फोटो लावला असता. १९५४ मध्ये त्याने आणि सहकाऱ्यांनी लिथियमची नीट चाचणी घेतली, आणि ज्वालेचा रंग बघून मोजणाऱ्या फ्लेम फोटोमीटरवर रक्तातला आकडा लावला. शूच्या स्वतःच्या धाकट्या भावाला वर्षानुवर्षं नैराश्याचे झटके येत होते. पुढे लिथियमने ते थांबले. ही गोष्ट त्याच्या विरोधात वापरली गेली. लंडनमधले मायकेल शेपर्ड वगैरे बडे डॉक्टर म्हणाले, हा शास्त्रज्ञ कसला, हा तर श्रद्धाळू! लिथियम म्हणजे आणखी एक दंतकथा, अशा अर्थाचं शीर्षकच १९६८ च्या त्यांच्या लेखाला होतं.

शेपर्डचं अगदीच चुकीचं होतं असंही मला म्हणवत नाही. भाऊ बरा व्हावा असं ज्याला वाटतं त्याला भाऊ बरा दिसतोच. मी स्वतः किती वेळा बघितलाय असा बरा दादा, जो बरा नव्हता. आणि किती वेळा आजारी दादा बघितलाय, जो नुसता खुशीत होता.

शूच्या गटाने उत्तर दिलं ते १९७० मध्ये. लिथियमवर बऱ्या असलेल्या ८४ बायका. त्यांपैकी ४५ जणींना लिथियमच, ३९ जणींना दिसायला तशीच पण पोकळ गोळी. कुणाला काय, ते रुग्णांनाही ठाऊक नाही नि डॉक्टरांनाही नाही. पाच महिन्यांत पोकळ गोळीवाल्या २१ जणी पुन्हा आजारी पडल्या. लिथियमवाल्यांपैकी एकही नाही. आकडेवारीच्या दृष्टीने याहून स्वच्छ निकाल क्वचित मिळतो. मला मात्र त्या एकवीस घरांचं वाटतं. त्या एकवीस जणींना सकाळी चहाच्या वेळी कुणीतरी “झोप झाली का” त्यांच्या भाषेत विचारलं असेल. आणि एके सकाळी उत्तर बदललं असेल.

त्याच वर्षी अमेरिकेने लिथियमला मान्यता दिली. मेंदूत ते नेमकं काय करतं याचा शोध अजून चालू आहे. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या साल्क इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनी बायपोलर रुग्णांच्या त्वचेच्या पेशींपासून मेंदूच्या पेशी वाढवल्या. त्या पेशी इतरांच्या पेशींपेक्षा जास्त चळवळ्या निघाल्या, सारख्या संदेश पाठवणाऱ्या. बशीत लिथियम घातल्यावर त्या शांत झाल्या. पण फक्त त्याच रुग्णांच्या, ज्यांना प्रत्यक्षात लिथियम लागू पडत होतं. दादाला हे वाचून दाखवलं तर म्हणाला, “म्हणजे माझ्या पेशी तिकडे बशीत पंखे वाटत बसल्या असत्या.”

लिथियममुळे आत्महत्येचा धोका कमी होतो, हे अनेक चाचण्या एकत्र करून घेतलेल्या २०१३ च्या एका आढाव्यात दिसतं. या वाक्यापाशी मी फार थांबत नाही. १९९८ च्या फेब्रुवारीत आईने बाल्कनीच्या दाराला कुलूप लावलं होतं, ते जूनमध्ये काढलं.

किंमतही आहे, ती दादा मोजतो. हाताचा कंप. रोटरिंग सुटलं, तो संगणकावर ऑटोकॅड शिकला, तिथे रेघ कापत नाही. वजन वाढलं, थायरॉइडची गोळी मागे लागली, पाण्याची बाटली आणि लोकलमध्ये लघवीची धास्ती या दोन गोष्टी कायमच्या. आणि एक गोष्ट कुठल्या रिपोर्टात येत नाही. एकदा बोलता बोलता म्हणाला, “मने, ती खाडी मी आता नाही करू शकणार.” मी म्हटलं, नको करूस. माझ्या तोंडून ते फारच पटकन निघालं.

खरं दुखणं आता इथे आहे, निदान माझ्या बाजूने. आम्ही दादाचा आनंद बघून घाबरतो. दिवाळीत तो पहाटे चारला उठून, अंघोळ करून तलावपाळीवर जायला निघाला की सगळं ठाणं तिथे नवे कपडे घालून लोटलेलं असतं, राम मारुती रोडवर पाय ठेवायला जागा नसते, आणि त्या गर्दीत फक्त माझा भाऊ लवकर उठला म्हणून मला धडकी भरते. नवीन शर्ट घेतला: किती घेतले? विनोद केला: लागोपाठ तिसरा? रिक्षावाल्याला वीस रुपये जास्त दिले: पंखे. कमी झोप ही उन्मादाची पहिली पाऊलखूण, हे खरं आहे, सगळी पुस्तकं सांगतात. झोपण्या-जेवण्याच्या वेळा सांभाळल्या तर आजार आटोक्यात राहायला मदत होते, हेही खरं. बार्सिलोनात २००३ साली १२० रुग्णांवर झालेल्या अभ्यासात एकवीस बैठका घेऊन आजाराची माहिती, धोक्याच्या खुणा, वेळापत्रक असं शिकवलं, तर औषधांच्या जोडीला त्याचा स्पष्ट फायदा दिसला. मी हे सगळं वाचलं आणि शहाणी पहारेकरीण झाले.

मग एक असा अभ्यास हाती लागला ज्याने मला माझ्याच चौकीवर पकडलं. आजारी माणूस ज्या घरात परततो तिथे बोलण्याचा सूर कसा आहे, यावर लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि मंडळींनी बरंच काम केलं होतं. सतत टीका, सतत नाक खुपसणं असलेल्या घरांत आजार जास्त उलटतो. सुरुवात स्किझोफ्रेनियापासून झाली, पुढे नैराश्यात आणि बायपोलरमध्येही तेच दिसलं. १९८९ मध्ये जिल हूली आणि जॉन टीसडेल यांनी तर नैराश्याच्या रुग्णांना सरळ एक प्रश्न विचारला: तुमचा नवरा किंवा तुमची बायको तुमच्यावर किती टीका करते? १ ते १० मध्ये सांगा. आजार पुन्हा उलटेल का, याचा अंदाज मोठमोठ्या मुलाखतींपेक्षा या एका आकड्यावरून चांगला आला.

काळजीने विचारलेलं आणि तपासणीसाठी विचारलेलं, दोन्हींत शब्द तेच. “झोप झाली का?” मी कुठल्या सुरात विचारते ते मला ऐकू येत नाही. ऐकणाऱ्याला येतं.

त्या रात्री जेवताना मी दादाला हा प्रश्न सांगितला आणि विचारलं, “माझे किती? एक ते दहात?”

त्याने ताकाचा पेला खाली ठेवला. “विचार करून सांगतो.”

सांगितलं नाही. मीही परत विचारलं नाही. विचारणं हीदेखील टीका धरली तर काय घ्या.

दादाची एक आलेखाची वही आहे, बारीक चौकोनांची. डॉक्टरबाईंनी सांगितलं म्हणून तो रोज त्यात झोपेचे तास आणि मनाची पातळी टिपतो. छापील तक्ते त्याला आवडत नाहीत, स्वतः आखतो. उभा अक्ष, आडवा अक्ष, कोपऱ्यात प्रमाण, खाली शीर्षकाची चौकट, जणू पुलाचा नकाशा नगरपालिकेला सादर करायचाय. गेल्या जूनमध्ये रक्ताचा रिपोर्ट चिकटवायला मी ती वही उघडली. झोपेची रेघ साडेसहाच्या आसपास शहाण्यासारखी चालली होती. मनाची रेघ मधल्या पट्ट्यात. आणि त्यांच्या खाली, फेब्रुवारीपासून, एक तिसरी रेघ होती. पेन्सिलीची नाही, काळ्या शाईची. जुनं रोटरिंग त्याने कुठून तरी काढून धुऊन चालू केलं होतं. रेघ किंचित कापरी. डाव्या बाजूला १ ते १० चे आकडे आणि सुबक ड्राफ्ट्समनी अक्षरांत लिहिलेलं: मनी.

रोजच्या रोज. बहुतेक दिवस ३, कधी ४. एप्रिलच्या एका रविवारी १. त्या दिवशी मी मावशीकडे पनवेलला होते. आणि मध्येच एक सुळका, सात-आठ दिवसांचा, ८, ९, ९, ८.

मी वही घेऊन स्वयंपाकघरात गेले. तो भांडी पुसत होता. मी सुळक्यावर बोट ठेवलं. “हे काय? एवढी काय बोलले मी तुला?”

“तारीख बघ.”

२४ ते ३१.

“मार्च एंडिंग,” दादा म्हणाला. “तुझी झोप होत नव्हती.” मग फडकं झटकून खुंटीला लावलं. “आणि आलं संपलंय. येताना घेऊन ये.”